समक्ष

ओळखपत्रावरचं नाव वाचेपर्यंत जयवंत परबने त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नसते. सुपरव्हिजनला आलेला मास्तर सीट नंबर बघतो, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर सही करतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. खिडकीकडच्या रांगेतला हा शेवटचा बाक होता. धुऊन विटलेली हिरवी सुती साडी, शाळकरी बाकात कसाबसा मावलेला देह, ओळखपत्र धरलेल्या हाताची जाड, सुरकुतलेली बोटं. ‘परब विमला सहदेव.’ त्याने नाव वाचलं, फोटो पाहिला, आणि तरीही एक क्षणभर त्याला नुसतं एवढंच वाटत राहिलं, की हे नाव आपण कुठेतरी ऐकलेलं आहे. मग खालून आवाज आला, अगदी हळू.

“सही करा ना, सर.”

त्याने सही केली. ज. स. परब. पेन उचलल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या थोरल्या बहिणीने आपल्याला आज पहिल्यांदा सर म्हटलं, आणि आपण ते चालवून घेतलं. अक्का मान खाली घालून समासाची घडी नखाने दाबत होती. वर बघायचं नाही असं तिने घरूनच ठरवून आणल्यासारखं. तो टेबलाकडे परत आला, हजेरीचा कागद पुढे ओढला आणि त्यावरचे नंबर पुन्हा एकदा मोजले. चोवीस. चोवीसच होते. त्याने परत मोजले.

नऊ नंबरच्या वर्गात सगळे खाजगी बसले होते, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणारे. संपात गिरणी सुटलेले आणि आता वॉचमनच्या नोकरीलासुद्धा मॅट्रिक मागतात म्हणून आलेले दोघे-तिघे पोक्त पुरुष, एक पोलीस हवालदार, गळ्यात नवं मंगळसूत्र असलेली एक मुलगी. एरवी जयवंतला अशा वर्गाचं बरं वाटे. ही माणसं गडबड करत नाहीत, पाणी मागताना उभी राहतात. आज तो इथे असायलाही नको होता. त्याची शाळा बोरिवली स्टेशनच्या पलीकडची, त्याची ड्यूटीही तिथेच. इथल्या एक बाई आजारी पडल्या म्हणून सकाळी नवाला शिपाई चिठ्ठी घेऊन घरी आला. तो धावतपळत पोचला तेव्हा केंद्रप्रमुख देवस्थळी सरांनी छापील कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, “इथे, इथे आणि इथे सही करा, परब. घंटा होतेय.” त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, की या केंद्रावर माझा कोणीही जवळचा नातेवाईक परीक्षेस बसलेला नाही. दर मार्चमध्ये तो हा कागद न वाचता सही करून देत आला होता. आणि दर मार्चमध्ये तो खराही असायचा.

आता उठायचं, व्हरांड्यातून ऑफिसात जायचं आणि सांगायचं, सर, नऊ नंबरमध्ये माझी बहीण आहे, मला दुसरा वर्ग द्या. दोन मिनिटांचं काम. देवस्थळी म्हणाले असते, अरे, मग आधी नाही का सांगायचं. आणि मग म्हणाले असते, बहीण? दहावीला? इथवर येऊन जयवंतचं मन थांबत होतं, पुन्हा मागे जात होतं, पुन्हा उठून ऑफिसच्या दारापर्यंत चालत जात होतं. कारण देवस्थळींची बायको जयवंतच्याच शाळेत होती, आणि त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं, की परबांची थोरली बहीण दहिसरला बालवाडीत शिक्षिका आहे. हे त्यानेच सांगितलेलं. त्याचं लग्न ठरताना सुगंधाच्या वडलांनी विचारलं होतं, बहीण काय करते, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते गेलं. अक्का तिथेच चटईवर बसली होती, तिने मान हलवली होती. होय म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. खरं म्हणजे ती त्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, सतरंज्या घालायच्या, शी-शू काढायची, खिचडी शिजवायची. बाई आल्या नाहीत, आणि त्या बरेचदा येत नसत, की फळ्यावर अआइई तीच काढायची. म्हणजे शिकवतच होती की. असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्या. बीजगणित. वाटताना तो तिच्या बाकापाशी थांबला नाही, कागद ठेवला आणि वळला. शाळेत तो शास्त्र शिकवायचा म्हणून गणिताच्या दिवशी त्याला ड्यूटी लागायची. पण बी.एस्सी. झालेला माणूस, घरी शिकवणीला शास्त्र आणि गणित दोन्ही घ्यायचा. टेबलाशी उभ्या उभ्या त्याने पेपरवर नजर फिरवली. सोपा होता. पहिला प्रश्न तर सहज सुटणारा. तिला येईल, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, कसं येईल. तिला कोणी शिकवलं असेल. तिने कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या पुस्तकातून केलं असेल हे. त्याला काहीच माहीत नव्हतं. आपल्याला माहीत असलेली अक्का बीजगणितापाशी संपते, हे त्याला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं.

घाटकोपरच्या भटवाडीत त्यांची खोली होती. बापू कुर्ल्याच्या गिरणीत, पाळ्या बदलत्या. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि विमल बारा-तेरा. बापू पुढे कित्येक वर्षं, आल्यागेल्याला चहा देताना, एक गोष्ट सांगायचे. आई जाऊन पंधरवडा झालेला. विमलची सातवीची फायनल. बाप्ये सातवी नापास होत आणि ही पोरगी वर्गात पहिली दुसरी. त्या सकाळी जयवंताला गोवर फुटला, अंग विस्तवासारखं. बापूंची पहिली पाळी. विमल दप्तर काखोटीला मारून दारापर्यंत गेली, परत आली, दप्तर खुंटीला लावलं आणि पोराच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवून बसली. “एका शब्दान माका बोलली नाय,” बापू म्हणायचे, “संध्याकाळी घरी येतंय तर परीक्षा होऊन गेलेली. अशी आमची विमल.” पाहुणे मान डोलवायचे. जयवंतने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की ती आपल्याबद्दल आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. कोणा एका आजारी पोराची गोष्ट होती ती. पुढच्या वर्षी फायनलला बसेल म्हणून बापू बोलले होते खरे, पण पुढच्या वर्षी घर कोण बघणार होतं. एकाला शाळेत धाडायचं तर दुसऱ्याने चूल धरायला हवी, हे कोणी ठरवलं नाही. ते आपोआप ठरलं, आणि आपोआप ठरलेल्या गोष्टीचा जाब कोणाकडे मागायचा.

पण तिने पुस्तकं सोडली नव्हती. तो पहिलीत गेला तेव्हा तिने त्याला बाराखडी गिरवून घेतली, दुसरीत पाढे. तो चौथीत, पाचवीत, सहावीत, ती रोज त्याच्या आधी एक धडा पुढे. भाकरी थापता थापता ती त्याला तिमाही व्याजाची गणितं घालायची, आणि तो चुकला की पिठाच्या हाताने टपली मारायची, केसांना पीठ लागायचं. सातवीचं पुस्तक तिने दोनदा केलं, एकदा त्याच्यासाठी आणि एकदा, आता त्याला वाटतं, स्वतःसाठी. मग तो आठवीत गेला. हायस्कूल, नवीन पुस्तक, आकड्यांच्या जागी अक्षरं. तिने ते पुस्तक दिव्याजवळ धरलं, दोन पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आली. “ह्यात आकडे खंय आसत?” ती म्हणाली. आणि तेरा वर्षांचा जयवंत हसला. वाईट हसला नव्हता, आनंदाने हसला होता. आपल्याला येतं आणि अक्काला येत नाही असं काहीतरी जगात आहे, याचा तो आनंद होता. तीही हसली. “आता तू तुझा बघ,” म्हणाली, आणि पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. त्या दिवसानंतर ती कारखान्यात जायला लागली, विक्रोळीला, औषधाच्या बाटल्यांना बूच लावायच्या कामावर. त्या दिवसानंतर म्हणजे नेमकी कधी ते त्याला आठवत नव्हतं, पण त्याच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

अर्ध्या तासाची घंटा झाली. त्याने फळ्यावर वेळ लिहिली. हवालदार कपाळाला हात लावून बसला होता. मंगळसूत्रवालीने पुरवणी मागितली. पुरवणी देऊन परतताना त्याने अक्काकडे बघितलं. ती लिहीत होती. थांबत होती, लिहिलेलं खोडत होती, ओठ हलत होते. पाढे म्हणतेय, त्याच्या लक्षात आलं. आणि मग कसं कोण जाणे, दोन वर्षांपूर्वीचे शनिवार त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. शनिवारी दुपारी घरी दहावीची बॅच असायची, बाहेरच्या खोलीत बारा मुलं दाटीने बसलेली. त्याच सुमाराला अक्का दहिसरहून यायला लागली. दर शनिवारी. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची, मांडीवर तिची ती प्लास्टिकची पिशवी, सुगंधाला भाजी निवडून द्यायची आणि मधेच हात थांबवून नुसती बसायची. बॅच सुटली की चहा घेऊन निघायची. सुगंधा म्हणाली, “ह्या का येतात हो? काही हवंय का त्यांना? विचारा तरी.” त्याने विचारलं नाही. त्याने अक्काला सांगितलं, “शनिवारी इथे मुलांची कटकट असते गं, तुला नीट बसता पण येत नाही. तू रविवारी येत जा.” आपण तिच्या सोयीचं बोललो असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ती बरं म्हणाली. रविवारी ती एकदाच आली, त्याच्या मुलीला, शुभाला, बोरं घेऊन, आणि मग सणावारापुरतीच येऊ लागली.

पिशवीत पुस्तक होतं. याबद्दल त्याला आता कसलीही शंका उरली नाही. टेबलाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. इतरांच्या बारा मुलांना तो वर्गसमीकरणं समजावून सांगत होता, आणि चार पावलांवर भिंतीमागे ती ऐकत बसली होती. एखादी पायरी सुटली तर विचारायचं कोणाला. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? तो म्हणाला असता, आता कशाला हे, अक्का. हे वाक्य त्याला इतकं ऐकू आलं, की आपण ते खरंच कधीतरी म्हटलं होतं की काय, असा त्याला संशय आला. बी.एड.च्या वर्षी ती म्हणाली होती, तुझं झालं की मी बसू का रे मॅट्रिकला. तो म्हणाला होता, बस की, मी शिकवतो. मग नोकरी, मग लग्न, मग बोरिवलीची जागा, मग शुभा. अक्काला तोवर आलेली स्थळं परत गेली होती, मग यायची थांबली होती. बापू तर त्याच्या लग्नाआधीच गेले होते, भटवाडीची खोली सुटली होती, आणि ती दहिसरला नदीकाठच्या चाळीत राहायला गेली होती. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. नुसती वर्षं गेली होती.

साडेबाराच्या सुमाराला त्याला ती चिठ्ठी दिसली. चष्म्याच्या घरात होती. अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, घर उघडलं, आणि डोळे त्या घरात खाली गेले ते जरा जास्तच वेळ. पंधरा वर्षं सुपरव्हिजन केलेल्या माणसाला यापुढे काही बघावं लागत नाही. तो उठला, रांगेतून चालत गेला, नेहमीच्या संथ चालीने, आणि तिच्या बाकाशी उभा राहिला. वाकायचं, चष्म्याचं घर उचलायचं, खिशात घालायचं. एवढंच. वर्गात कोणाच्याही ध्यानात आलं नसतं. तिने घर हाताखाली झाकलं. नखांत काळं होतं, चुलीचं की रॉकेलचं. त्या हातावर आपला हात ठेवून तो बाजूला करायला हवा होता, आणि तेच त्याला होईना. गेली कित्येक वर्षं त्याने तिचा हात धरला नव्हता. वाकलो तर ती वर बघेल. वर बघितलं की तिला कळेल, की आपण ओळखलंय. जणू काही तिला ते माहीतच नव्हतं. तो तसाच पुढे गेला आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. मैदानावर वाळत घातलेल्या सतरंज्या होत्या. पुढच्या फेरीला, त्याने ठरवलं. पुढच्या फेरीला नक्की.

पुढची फेरी झाली नाही. व्हरांड्यात चपलांचे आवाज आले आणि बोर्डाचं पथक आत शिरलं. एक पुरुष आणि दोन बायका, मागे देवस्थळी. पुरुष दाराशीच थांबला. चष्मेवाल्या बाई सरळ मागच्या रांगेकडे गेल्या, त्यांनाही पंधरा वर्षांचा सराव असणार. त्यांनी काही शोधलं नाही. त्या म्हणाल्या, “ते घर द्या बघू, आजी.”

आजी. अक्का पंचेचाळीस वर्षांची होती. तिने घर दिलं. बाईंनी चिठ्ठी काढली, उलगडली, देवस्थळींना दाखवली. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही लिहा आपापलं.” कोणी लिहीत नव्हतं. अक्का उभी राहिली. बाकातून बाहेर यायला तिला वेळ लागला, पदर बाकाच्या खिळ्याला अडकला होता, तो तिने सावकाश सोडवला. जयवंत बघत होता. टेबलापाशी आणून बाईंनी ओळखपत्र घेतलं आणि छापील फॉर्म भरायला सुरुवात केली. अक्षर मोठं, टपोरं. परब विमला सहदेव. लिहिता लिहिता त्या सहज म्हणाल्या, “तुम्हीपण परबच ना, सर? उत्तरपत्रिकेवर सही बघितली. ज. स.” त्यांनी मान वर केली. “नात्यातल्या नाहीत ना तुमच्या?”

देवस्थळी त्याच्याकडे बघत होते. जयवंतने तोंड उघडलं. पुढे अनेक दिवस तो स्वतःला विचारणार होता, की त्या उघडलेल्या तोंडातून काय बाहेर पडणार होतं, आणि त्याला कधीच खात्रीने सांगता येणार नव्हतं. कारण त्याआधीच अक्का बोलली. तिचा आवाज साफ होता, थोडा चिडल्यासारखाही.

“नाय ओ बाई. आमच्याकडे गावात सगळे परबच. मी कोण लागते यांची? मी आजच बघते त्यांना.”

“कॉपी कशाला केलीत मग? या वयात?”

“येत नव्हतं म्हणून,” अक्का म्हणाली.

बाई किंचित हसल्या. वाईट नव्हत्या त्या. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, ‘वरील प्रकार माझ्या समक्ष घडला’, आणि खाली पर्यवेक्षकाच्या सहीची जागा. त्यांनी पेन त्याच्यापुढे केलं. पुराव्याची चिठ्ठी फॉर्मला टाचणीने लावलेली होती. सही करायला वाकल्यावर ती त्याच्या डोळ्यांसमोर आली. वहीच्या कागदाचा तुकडा, त्यावर गोल, जपून काढलेलं अक्षर, जे तिने त्याला गिरवायला लावलं होतं तेच. वर्गसमीकरणाचं सूत्र. एवढंच होतं, दुसरं काही नाही. आणि वर्गमुळाच्या चिन्हाखालचा चारचा आकडा राहून गेला होता. सूत्र चुकीचं होतं. यातून तिला एक मार्क मिळाला नसता. घरात, भिंतीपलीकडे, त्याने ते मुलांना म्हणायला लावलं होतं, ब वर्ग वजा चार अ क, ब वर्ग वजा चार अ क, बारा मुलं एका सुरात, आणि तो चार तिच्यापर्यंत पोचला नव्हता. त्याने सही केली. अक्का दाराशी पोचली होती. देवस्थळींच्या मागोमाग व्हरांड्यातून जाताना ती थोडी लंगडत होती. ती लंगडते, हे त्याला माहीत नव्हतं.

पेपर सुटला. त्याने गठ्ठा बांधला, सील झाल्यावर सही केली, देवस्थळींचा चहा घेतला. “वाईट वाटतं हो,” देवस्थळी म्हणाले, “पण नियम म्हणजे नियम. निकाल राखून ठेवतील, चौकशीला बोलावतील, मग चार-पाच परीक्षांना बंदी. आता तिला काय फरक पडतोय म्हणा.” जयवंत हो म्हणाला. घरी गेल्यावर सुगंधाने विचारलं, कसं होतं सेंटर, तेव्हा तो म्हणाला, ठीक. शुभा इंग्रजीतली कविता पाठ करत होती, दर ओळीनंतर डोळे मिटून. चौथीत होती. चांगल्या कॉन्व्हेंटमध्ये तिला घातलं होतं. अक्का पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत आली होती आणि शुभाचा युनिफॉर्म हाताने नीट करताना म्हणाली होती, आमच्यातलं हे पहिलं पोर, ज्याला कोणी थांबवणार नाही. तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आता पाठांतर ऐकताना त्याला आठवलं, की त्या दिवशी त्याने तिला आत नेलं नाही. आत प्रिन्सिपॉल होत्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तो आपल्या शाळेत ड्यूटी करत होता, फळ्यावर वेळ लिहीत होता. मनात एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा मांडत होता, पाटी पुसून त्याच बेरजेला बसावं तशी. तिने का सांगितलं नाही? तिने ‘नाही’ का म्हटलं? तिने म्हटलं नसतं तर आपण काय म्हटलं असतं? रविवारी सकाळी भाजी आणायला म्हणून तो निघाला आणि दहिसरच्या बसमध्ये बसला.

अक्का दारात बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होती. परातीत पाणी, पाण्यात सालं. त्याला बघून तिने पाट पुढे सरकवला. समोर बालवाडीची खोली बंद होती, भिंतीवर कोणी काढलेला हत्ती. तो बसला, आणि काही सुचेना म्हणून त्यानेही परातीत हात घातला. दोघं सोलत राहिली. मोड आलेला वाल बोटांत दाबला की सालातून सुटून येतो. लहानपणी हे काम त्याला येत नसे, तो फोडायचा. आताही फोडत होता.

“पाय काय झालाय तुझा?” त्याने शेवटी विचारलं.

“गुडघा. जुना आहे.”

“तू सांगितलं का नाहीस मला? फॉर्म भरलास ते.”

“पास झाले असते तर सांगणार होते.” तिने परातीतली सालं बाजूला सारली. “तू तुझ्या शाळेत असशील असं वाटलं. तिथे नंबर नाही आला म्हणून मी देवाला नारळ फोडला होता.”

तिला हसू आलं. त्याला आलं नाही. ती पुढे म्हणाली, “जुलैपासून इथे नवीन बाई घेणार आहेत, कायमची. मॅट्रिक पाहिजे म्हणाले. म्हटलं, बारा वर्षं मीच घेतेय पोरांना, एक कागदच काय तो कमी आहे. आणि तू पण सगळ्यांना सांगतोस ना, आमची अक्का शिकवते म्हणून. म्हटलं, खरंच होऊ दे एकदा. तुझं तरी तोंड खोटं पडायला नको.”

त्याच्या हातातली डाळिंबी फुटली. हे ती दुखवायला बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त सांगत होती. तो एकदम म्हणाला, “मी बोर्डाला पत्र लिहितो.”

“काय लिहिणार?”

“खरं ते. तू माझी बहीण आहेस. मी तुला ओळखलं होतं. चिठ्ठीपण मला आधी दिसली होती, मी उचलली नाही. उचलली असती तर हे झालं नसतं. सगळं लिहितो.”

“मग माझी बंदी उठेल?”

“नाही,” तो म्हणाला. “ती नाही उठणार.”

“आणि तुझं काय होईल?”

“चौकशी होईल. जाईल कदाचित नोकरी. जाऊ दे.”

अक्काने ओले हात पदराला पुसले. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “जयवंता, माझ्याकडे दाखवण्यासारखा काय आसा, सांग बघू. घर नाय, माणूस नाय, पोर नाय. कुणी विचारलं इतकी वर्षं काय केलंस, तर मी सांगते, माझा भाऊ मास्तर आहे. ही एकच परीक्षा मी पास झालेय. ती पण तू नापास करणार? तुला बरं वाटावं म्हणून?”

त्याने परातीतलं एक साल उचलून बाजूला ठेवलं. म्हणायला हवं होतं, की तुझं आयुष्य माझ्या नोकरीएवढंच नाही. म्हणायला हवं होतं, की हे मी माझ्यासाठी करतोय आणि मला करू दे. पण त्याच क्षणी त्याच्या छातीत चार दिवस आवळून राहिलेलं काहीतरी सैल झालं. श्वास खोल गेला, खांदे खाली आले. पत्र लिहावं लागणार नव्हतं. शाळा राहील, शिकवणी राहील, शुभाचं कॉन्व्हेंट राहील, देवस्थळींच्या बायकोला काही कळणार नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं त्याला आवरता आलं नाही, ते सगळं तोंडावर आलं असणार. कारण अक्का त्याच्याकडे बघत होती. स्वतःच्या बाराव्या वर्षापासून त्याचा ताप, त्याची भूक, त्याचं खोटं त्याच्या चेहऱ्यावरून वाचणाऱ्या बाईने हेही वाचलं. तिच्या डोळ्यांत राग आला नाही. काही आलंच नाही. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक होती, पण कोणी अजून स्पष्ट सांगितली नव्हती, ती आता सांगितली, एवढंच.

तिने मान खाली घातली आणि परातीतलं पाणी दाराबाहेर ओतलं. मग आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळी डबा होता. सोललेल्या डाळिंब्यांतल्या निम्म्याहून जास्त तिने त्यात भरल्या, वरून ओलं फडकं घातलं, झाकण दाबून बसवलं.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “शुभाक आवडतत.”

तुला काय राहिलं मग, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने डबा घेतला.